छोट्या बोटीत स्कूबा सिलेंडर ठेवायला घरच्या घरी रॅक कसा बनवायचा

वर्सोव्याच्या खाडीतून बाहेर पडताना ओहोटी आणि समोरून वारा असं दोन्ही एकदम आलं की लाटा तोंडाशीच फुटतात, आणि अशाच एका सकाळी आमच्या १८ फुटी फायबर बोटीत नायलॉनच्या दोरीने बांधलेला सिलेंडर सुटला. नायलॉन ओलं झालं की ताणतं, हे तेव्हा डोक्यात नव्हतं. १७-१८ किलोचा तो सिलेंडर बोटभर लोळत गेला आणि पुढे बसलेल्या काकांच्या घोट्यावर आदळला, हाड वाचलं पण काका तीन आठवडे लंगडत होते. वॉल्व्ह कशावर आपटला असता तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो, आत २०० बार दाब असतो, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळजवळ ९० पट.

आम्ही शौकासाठी डायव्हिंग करत नाही, त्यासाठी लोक मालवणला जातात, मुंबईच्या पाण्यात आपलाच हात दिसत नाही. आमचं काम म्हणजे पंख्यात अडकलेलं जाळं कापणं, बोटीचा तळ खरवडणं. पण काम कुठलंही असो, छोट्या बोटीत चार सिलेंडर न्यायचे तर रॅक पाहिजेच.

आधी माप घ्या. सगळ्यात जास्त दिसतो तो ॲल्युमिनियमचा ११ लिटरवाला सिलेंडर, व्यास १८४ मिमी, उंची वॉल्व्ह सोडून साधारण ६६ सेंमी. स्टीलचे बहुतेक बारीक असतात पण सगळेच नाहीत, म्हणून तुमच्या सिलेंडरला सुतळी गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. पुढची सगळी मापं १८४ धरून आहेत.

उभे ठेवायचे की आडवे यावर वाद घालणारे भरपूर भेटतील. मोठ्या डाइव्ह बोटीत कडेला उभे ठेवतात ते ठीक, पण छोट्या बोटीत चार भरलेले सिलेंडर म्हणजे ७० किलो, एक धडधाकट माणूसच, आणि ते वजन जितकं खाली आणि मधे तितकी बोट कमी डुलते, म्हणून आमच्या रॅकवर सिलेंडर आडवेच झोपतात, बोटीच्या लांबीच्या दिशेने, तळ पुढे नाळेकडे आणि वॉल्व्ह मागे. हे उलटं करू नका. बोट लाटेवर आपटली की सगळं सामान पुढे सरकतं, तेव्हा मार तळाने खावा, वॉल्व्हने नाही.

सामान असं: १८ मिमीचं मरीन प्लाय, ७१० ग्रेडचं, शिक्का बघूनच घ्या. दोन फळ्या ९०५ मिमी लांब, १३० मिमी उंच, आणि पुढच्या अडसरासाठी तेवढ्याच लांबीची पण २०० मिमी उंच तिसरी. एपॉक्सी, एक इंची जुना होस पाइप, ५० मिमी रुंद पॉलिएस्टरचे पट्टे कॅम बकलवाले (दाबून आवळायची पकड असलेले), आणि ३१६ स्टेनलेसचे स्क्रू-बोल्ट. मुंबईच्या नागदेवी बाजारात बोल्ट घेताना ३१६ सांगून मागा, ३०४ खाऱ्या पाण्यात लवकर डाग धरतं, आणि जीआय, म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड, तर घेऊच नका.

आता खाचा, खरं काम इथेच आहे. फळीच्या एका टोकापासून ११५, ३४०, ५६५ आणि ७९० मिमीवर खुणा करा, म्हणजे दोन सिलेंडरच्या मधे २२५ मिमी अंतर पडतं. गोलाची त्रिज्या ९७ मिमी ठेवायची, रबर लावायला जागा राहते. पण गोलाचा मध्य फळीत येत नाही, तो फळीच्या वरच्या काठापासून २२ मिमी वर येतो, मग कंपास टेकवायचा कुठे? एक रद्दी फळी वरच्या काठाला चिकटवून क्लॅम्प करा आणि खिळा तिच्यात मारा. असं केलं की खाच ७५ मिमी खोल होते आणि खाली ५५ मिमी लाकूड उरतं. जिगसॉ घाईत ढकलू नका, प्लायचे पापुद्रे निघतात, कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावली तर कमी निघतात. दोन्ही फळ्या एकत्र क्लॅम्प करून एकदाच कापल्या तर खाचा अगदी समोरासमोर येतात.

कापलेल्या कडांना एपॉक्सीचे तीन हात द्या, प्लाय पाणी पितं ते कडेतूनच. आणि हे काम एप्रिल-मेमध्ये उरका. पावसाळ्यात बोट वर ओढलेली असते, वेळ असतो, म्हणून बरेच जण तेव्हा काढतात, पण दमट हवेत एपॉक्सीवर चिकट मेणासारखा थर येतो आणि पुढचा हात नीट धरत नाही. वाळलं की होस पाइप उभा चिरून खाचांच्या कडेवर चढवा, एपॉक्सीनेच चिकटवा, आणि पाइप बसला की सिलेंडर खाचेत नीट बसून पट्ट्याने घट्ट होतो का ते रिकामा सिलेंडर ठेवून बघा.

दोन फळ्यांमधे ४० सेंमी अंतर ठेवून खालून दोन आडव्या पट्ट्यांनी जोडा, तळापुढे तो अडसर, त्यालाही रबर. बोटीच्या तळाला भोकं पाडायच्या आधी शंभरदा विचार करा, खाली पेट्रोलची टाकी किंवा फोम असू शकतो आणि पाणी आत शिरलं तर तळ सडतो. आम्ही लाकडी ठोकळे तळाला फायबर मॅट मारून बसवले आणि रॅक त्यांना बोल्ट केला, म्हणजे काढताही येतो. पट्टे एका सिलेंडरला दोन. नुसता बंजी, म्हणजे रबरी ताणदोर, लावू नका, तो लाटेबरोबर नाचतो.

रॅक बसला की भरलेला सिलेंडर बांधून दोन्ही हातांनी गदागदा हलवा. बोट हलली पाहिजे, सिलेंडर नाही.

मे महिन्याच्या उन्हात वर पांढरी ताडपत्री टाका, २७ अंशांवर २०० बार असलेला सिलेंडर ५७ अंशांना तापला की दाब २२० पर्यंत जातो. भरलेल्याच्या वॉल्व्हला टोपी, वापरलेल्याला नाही, अशी सवय लावली की काळोख्या पाण्याच्या गडबडीत चुकीचा उचलला जात नाही. पूर्ण रिकामा कधीच करू नका, १०-१५ बार ठेवा म्हणजे आत दमट हवा, पाणी शिरत नाही. हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने सिलेंडर तपासतात ती) तारीख खांद्यावर ठोकलेली असते, ती पट्ट्याखाली झाकली जाणार नाही असा सिलेंडर फिरवून ठेवा.

घरी आल्यावर रॅकसकट गोड्या पाण्याने धुवा, आणि सिलेंडरच्या तळाचा रबरी बूट काढून आतही पाणी मारा. आमच्या एका सिलेंडरचा बूट दोन वर्षं काढलाच नव्हता, काढला तेव्हा आत मिठाचा पांढरा थर आणि खाली धातूला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडलेले.