गडगडाटी ढगांची रांग संगणकात उभी करताना

माझी पहिली रांग तासाभरात विझली. तळाच्या अडीच किलोमीटरमध्ये वाऱ्याचा वेग उंचीनुसार बदलतच नव्हता! आधी तो फरक द्या, सेकंदाला १५-२० मीटर. मग उबदार हवेचा लांबट पट्टा ठेवा, त्यात थोडा विस्कळीतपणा मिसळा. नाहीतर रांग पट्टीने आखल्यासारखी राहते. जाळी, म्हणजे गणिताच्या शेजारच्या बिंदूंमधले अंतर, १ किलोमीटरची पुरे. हे आडवे अंतर निम्मे केले की गणित साधारण आठपट. बर्फाची प्रक्रिया वगळू नका, मागचा पसरट पाऊस तिच्यावरच जगतो. सहा तास तरी चालवा, मागून शिरणारा वारा उशिरा दिसतो. पावसाच्या नकाशाआधी मी उभा छेद पाहतो: पावसाने थंड होऊन जमिनीलगत पसरणाऱ्या हवेचा जोर वाऱ्यातल्या फरकापेक्षा वाढला, की चढता प्रवाह मागे कलतो. रोटुनो, क्लेम्प, वाइसमन या हवामानशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये हाच तोल मांडला.