ट्री निम्फ बघायचंय? मान वर ठेवा

तिलारी-दोडामार्ग साईडला मलबार ट्री निम्फ शोधायला जाताय तर आधी खालची झुडपं बघणं सोडा. हे फुलपाखरू फक्त पश्चिम घाटातलं, आणि आपल्याकडे म्हणजे गोवा-सिंधुदुर्गात त्याची उत्तरेकडची हद्द जवळपास संपतेच, त्यामुळे दिसलं तर एखाद-दुसरंच. सदाहरित जंगलातला सावलीचा ओढा गाठायचा, वर झाडीत जिथे फट पडून ऊन खाली येतं तिथे गप उभं राहायचं आणि वर बघत बसायचं, मान दुखते पण इलाज नाही. पांढरट, काळे ठिपके, तळहाताएवढं. पंख फारसे न हलवता तरंगत येतं, मला तर पहिल्यांदा वाटलं कुणीतरी टिश्यू पेपर उडवलाय! मागे धावू नका, बऱ्याचदा घिरट्या घालत तिथेच परत येतं. झूम लेन्स मात्र हवीच, मोबाईलवर नुसता पांढरा ठिपका येतो.