कामावरून काढलंय? पहिल्या काही दिवसांत या चुका टाळा

बाजू भक्कम असलेली कितीतरी प्रकरणं न्यायालयाची पायरी चढण्याआधीच हातची जातात, आणि ती जातात एका सहीमुळे. मीटिंगला बोलावतात, आधीच टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवतात आणि समजुतीच्या सुरात सांगतात, "सही करा, म्हणजे पुढच्या नोकरीत अडचण येणार नाही." सही झाली की कागदोपत्री तुम्हाला कोणी काढलेलंच नसतं, तुम्ही आपणहून गेलेले असता. दबाव होता हे मग तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि बंद दाराआडचा दबाव सिद्ध करणं फार अवघड. काढायचंच असेल तर त्यांना लेखी काढू द्या. तुम्ही एवढंच म्हणा, "वाचतो, सल्ला घेतो आणि मग उत्तर देतो."

सेवासमाप्तीचं पत्र हातात देऊन पोच मागितली तर द्यायला हरकत नाही. फक्त सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात "पत्र मिळाले, मजकूर मान्य नाही" असं लिहा, तारीख आणि वेळ टाका, त्या पानाचा फोटो घ्या.

जादा रक्कम देऊन "यापुढे कोणताही दावा करणार नाही" असं लिहून घेणारा करारही जागेवर सही करण्याचा कागद नव्हे. थकलेला पगार तुमचा हक्काचा आहे. दावा सोडायचा तर त्याहून वेगळं काहीतरी मिळायला हवं. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याकडून वयाच्या भेदभावाचा हक्क सोडवून घ्यायचा असेल, तर त्याला विचार करायला किमान २१ दिवस आणि सहीनंतर माघार घ्यायला ७ दिवस द्यावे लागतात. कायद्याने ही सवड दिली ती उगाच नाही.

"उद्यापासून येऊ नका" एवढं तोंडी ऐकून घरी बसणं ही दुसरी मोठी चूक. पुढे मालक म्हणतो, हे न सांगता गैरहजर राहिले. त्याच दिवशी ईमेल करा: कोणी, किती वाजता, काय सांगितलं, मी कामावर यायला तयार आहे, काढलं असल्यास लेखी कारण द्यावं. जर्मनीत तर तोंडी किंवा ईमेलवरची सेवासमाप्ती ग्राह्यच धरत नाहीत, सहीचा कागद लागतो.

आता न्यायालयात किंवा आयोगाकडे दाद मागण्याच्या अर्जाची मुदत. इथे लोक सर्वाधिक फसतात, कारण कंपनीतल्या अपिलाचं उत्तर येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं वाटतं. ते अपील चालू असलं तरी कायद्याची मुदत सहसा थांबत नाही. जर्मनीत लेखी पत्र मिळाल्यापासून ३ आठवडे, ऑस्ट्रेलियात फेअर वर्क कमिशनकडे (नोकरीचे वाद ऐकणारा आयोग) २१ दिवस, अमेरिकेत भेदभावाच्या तक्रारीला १८० दिवस, काही ठिकाणी ३००. आपल्याला लागू असलेली मुदत पहिल्याच दिवशी शोधा आणि अपील व अर्ज दोन्ही एकदमच चालवा.

अन्याय झाला म्हणजे काढणं बेकायदा ठरतंच असं नाही, हेही समजून घ्या. अमेरिकेत मोंटाना वगळता सर्व राज्यांत कारण न देताही काढता येतं. भेदभावाने किंवा तक्रारीचा सूड म्हणून मात्र नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८२ चा करार क्रमांक १५८ सांगतो की वैध कारण हवं, वर्तन किंवा कामाबद्दल आरोप असतील तर बाजू मांडायची संधी हवी. गरोदरपण, संघटनेचं सदस्यत्व, मालकाविरुद्धची तक्रार ही वैध कारणं नव्हेत. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही. म्हणून अर्जात "मला वाईट वागवलं" यापेक्षा "तक्रार या तारखेला केली, पत्र त्या तारखेला आलं" हे लिहा. तारखांचा क्रम फार बोलतो.

पुरावा कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका; लॉगिन त्याच दिवशी बंद होतं. नेमणूकपत्र, पगारपत्रकं, कामाचे मूल्यमापन अहवाल आधीपासून घरी हवेत. पण ग्राहकांची यादी किंवा गोपनीय फायली उचललीत, तर काढण्याचं खरं कारण तुम्हीच त्यांच्या हाती द्याल.

आणि नवी नोकरी शोधत राहा, पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची तारखेसह नोंद ठेवा. प्रयत्नच केले नाहीत असं दिसलं तर अनेक ठिकाणी भरपाई कापली जाते.