मार्कच्या शुभवर्तमानाचा अभ्यास घरी कसा करावा

रोज बायबलमधले एखादे वचन वाचणारे आणि रविवारी न चुकता उपदेश ऐकणारे अनेक जण वर्षानुवर्षे ओळखीच्या पाचपन्नास वचनांभोवतीच फिरत राहतात. वचने तोंडपाठ असतात. पण ती कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी उद्देशून म्हटली, असे विचारले की अडखळायला होते. यावर माझ्या मते एकच खात्रीचा उपाय आहे, आणि तो म्हणजे सुटी वचने वेचणे काही काळ थांबवून एकच लहान पुस्तक अथपासून इतिपर्यंत, पुन्हा पुन्हा वाचणे. त्यासाठी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलच्या नव्या करारातील येशूच्या जीवनाविषयीच्या चार पुस्तकांपैकी एक, सर्वांत सोयीचे आहे. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटे, केवळ १६ अध्यायांचे आहे आणि त्यातले कथानक वेगाने पुढे सरकते.

पहिले वाचन एका बैठकीत, मोठ्याने करावे. त्याला साधारण दीड ते दोन तास लागतात. मोठ्याने वाचण्याचा आग्रह उगाच नाही, कारण हा मजकूर जमलेल्या मंडळीला वाचून दाखवण्यासाठीच लिहिला गेला असावा आणि १३व्या अध्यायात तर वाचणाऱ्याला उद्देशून थेट सूचनाच आलेली आहे. या वाचनात छापील मथळ्यांकडे दुर्लक्ष करावे, कारण ते संपादकांनी घातलेले असतात. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या करारातील वचनांचे प्रचलित क्रमांक १५५१ साली रोबेर एतिएन या मुद्रकाने दिले, त्यामुळे लेखकाचा विचार अध्याय संपला तिथेच संपला असे मुळीच धरून चालू नये. भाषांतराच्या निवडीवर फार वेळ घालवू नये. घरात असलेले बायबल घ्यावे, आणि जमल्यास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ किंवा दुसरे एखादे भाषांतर शेजारी ठेवावे. दोहोंत फरक दिसला की तिथे खूण करून पुढे जावे.

दुसऱ्या वाचनाला वही लागते. आता रोज एकच प्रसंग घ्यावा आणि भाष्य न उघडता तीन गोष्टी टिपाव्यात: कोण कोण उपस्थित आहे, कोणती गोष्ट पुन्हा आली आहे, आणि हा प्रसंग नेमका इथेच का ठेवला आहे. पाचवा अध्याय घेऊन पाहू. सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पाया पडून मरणोन्मुख मुलीसाठी विनवणी करतो. वाटेत रक्तस्रावाने पीडित असलेली एक स्त्री गर्दीत मागून येते आणि येशूच्या वस्त्राला स्पर्श करते. तिचा आजार १२ वर्षांचा आहे. मुलीचे वय १२ वर्षांचे असल्याचे मात्र मार्क प्रसंगाच्या अगदी शेवटी सांगतो. याईरला नाव आहे, मान आहे, तर त्या स्त्रीचे नावसुद्धा कळत नाही. तरीही येशू तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो आणि तिचे सगळे म्हणणे ऐकून घेतो. तेवढ्या वेळात याईरची मुलगी दगावल्याचा निरोप येतो. जुन्या करारातील (बायबलच्या पहिल्या भागातील) लेवीय १५ आणि गणना १९ हे अध्याय उघडून पाहिले, तर रक्तस्राव असलेल्या स्त्रीचा आणि मृतदेहाचा स्पर्श हे दोन्ही अशुद्ध करणारे मानले जात, हे कळते. म्हणजे एका कथेच्या पोटात दुसरी कथा ठेवण्यामागे लेखकाचा निश्चित हेतू आहे. हीच रचना ११व्या अध्यायात अंजिराचे झाड आणि मंदिरातील प्रसंग यांच्या बाबतीत पुन्हा दिसेल; ती भाष्यात वाचण्यापेक्षा स्वतः शोधण्यात मजा आहे.

एवढे झाल्यावर मोठ्या खंडांकडे वळावे. ८:२२ ते १०:५२ (आठव्या अध्यायाचे २२वे वचन ते दहाव्याचे ५२वे) हा भाग सलग वाचावा. त्याच्या सुरुवातीला बेथसैदातील आंधळ्याला दोन टप्प्यांत दृष्टी मिळते आणि शेवटी यरीहोजवळ बार्तीमय डोळस होतो. या दोघांच्या मधल्या भागात येशू आपल्या मरणाविषयी तीनदा सांगतो आणि तिन्ही वेळा शिष्यांना ते उमगत नाही. पहिल्या आंधळ्याला आधी माणसे झाडांसारखी दिसतात. लगेच पुढच्या प्रसंगात शिष्य पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो, पण दुःखसहनाची भाषा ऐकताच त्याचा निषेध करू लागतो; त्यालाही अर्धवटच दिसते आहे.

जुन्या कराराचा संदर्भ आला की तळटीपेतील क्रमांक वाचून थांबू नये, ते मूळ प्रकरण पूर्ण वाचावे. वधस्तंभावरील ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ ही आरोळी हे जुन्या करारातील स्तोत्र २२ चे पहिले वाक्य आहे. वस्त्रे वाटून घेणे आणि डोकी हलवून केलेली थट्टा हे तपशीलही त्याच स्तोत्रातले आहेत, आणि त्या स्तोत्राचा शेवट मात्र स्तुतीत होतो. मार्कने हा शेवट गृहीत धरला आहे की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आपले मत वहीत लिहून ठेवावे.

त्यानंतर समांतर प्रसंग ताडून पाहावेत. येशू पाण्यावरून चालत येतो, तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानात होडीतले शिष्य त्याला नमन करून देवाचा पुत्र म्हणतात, तर मार्कात ते नुसते थक्क होतात आणि त्यांची अंतःकरणे कठीण झाली होती असे लेखक लिहितो. अशा ठिकाणी दोन्हींचा मेळ घालण्याची घाई अनेक चांगले वाचकही करतात. ती टाळावी आणि प्रत्येक लेखकाला त्याचे म्हणणे पूर्ण सांगू द्यावे.

भाष्यग्रंथ सर्वांत शेवटी उघडावा, तोही स्वतःचे प्रश्न घेऊन. यहुदी लोकांची हात धुण्याची रीत ७व्या अध्यायात समजावून का सांगितली आहे, किंवा सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांपैकी दोहोंत हे शुभवर्तमान १६:८ लाच का थांबते, असे प्रश्न तोवर मनात तयार झालेले असतात. त्यापुढच्या शेवटच्या १२ वचनांविषयी (१६:९-२०) आपल्या बायबलमध्ये टीप आहे का, हेही तपासावे. शंका राहिल्यास पाळक किंवा धर्मगुरू यांना विचारण्यात संकोच नसावा; नेमका प्रश्न घेऊन येणारा माणूस त्यांनाही क्वचितच भेटतो.

मार्क झाल्यावर लूककृत शुभवर्तमान आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये घ्यावीत, कारण दोन्ही थियफिल नावाच्या व्यक्तीला उद्देशून, एकाच लेखकाने लिहिलेली आहेत. मात्र हे एकूण ५२ अध्याय होतात, म्हणून पहिले वाचन तीन-चार बैठकांत विभागावे.