आदिम जादू आणि पंचमहाभूतांची राज्यं लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी संपली की माझ्याकडे हस्तलिखितं यायला लागतात. सांगलीत राहून मी गेली बारा-तेरा वर्षं नव्या मुलामुलींच्या फॅन्टसी कादंबऱ्या वाचते आहे. विटा, तासगाव, कराड, वाई, कुठून कुठून पोरं येतात. कुणी दोनशे पानी वही आणतं, कुणी सगळं मोबाइलमध्येच लिहिलेलं असतं. मेहनत खरी असते, रात्री जागून लिहिलेलं असतं, म्हणूनच वाचताना जीव तुटतो. कारण चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात मोठी चूक: जादूला खर्चच नसतो.

तासगावकडचा एक मुलगा नऊ खंडांची योजना घेऊन आला होता. पहिल्या खंडाच्या तिसऱ्याच प्रकरणात नायकाला पाचही महाभूतं वश. सातव्या प्रकरणात गाव पेटतं, नायक हात वर करतो आणि धो धो पाऊस पडतो. मी विचारलं, "हे पाणी आलं कुठून?"

"ताई, जादूने."

"जादूने आणलं, ते कळलं. पण होतं कुठे? ढगात होतं, विहिरीत होतं, की शेजारच्या गावच्या तळ्यात?"

तो गप्प. मग मी म्हटलं, "तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की तो कुठल्या विहिरीवर भरला, हे वाडीवरच्या लहान पोरालाही ठाऊक असतं ना? मग तुझ्या कादंबरीतल्या लोकांना हा प्रश्न का पडत नाही?"

तो वही घेऊन गेला आणि जवळपास वर्षभर आला नाही. रागावला असेल असं वाटलं होतं. आला तेव्हा सातवं प्रकरण नव्याने लिहिलेलं होतं. पाऊस तोच, पण त्याच पहाटे तीन कोसांवरच्या गावात एक बाई विहिरीवर जाते, घागर सोडते आणि घागर कोरड्या खडकावर आपटते. तो आवाज त्याने अर्धं पान लिहिला होता. त्या अर्ध्या पानाने नऊ खंडांची योजना मोडली आणि खरी कादंबरी सुरू झाली, कारण आता नायकाला कुणाला तरी तोंड द्यायचं होतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. महाभारतातलं एकही मोठं अस्त्र फुकट मिळत नाही आणि फुकट सुटत नाही. अश्वत्थाम्याला ब्रह्मशिर अस्त्र सोडता येतं, मागे घेता येत नाही. अर्जुनाला दोन्ही येतं, कारण त्याने त्यासाठी लागणारं व्रत पाळलेलं असतं. त्या एका फरकाची किंमत उत्तरेच्या पोटातल्या गर्भाला मोजावी लागते. कर्णाकडे इंद्राने दिलेली शक्ती असते, पण एकदाच वापरता येणारी. अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्ची पडते आणि तिथून युद्धाचा काटा फिरतो. खांडववनाच्या कथेत तर वर्षानुवर्षं तूप खाऊन खुद्द अग्नीलाच अजीर्ण होतं. महाभूतालाही पोट आहे, भूक आहे, दुखणं आहे. एवढी शिदोरी घरात असताना हात हलवला की पाऊस पाडणारा नायक आपण का लिहावा?

माझी सवय सांगते. किराणा दुकानात असते तशी लाल बांधणीची वही मी कादंबरीसोबत ठेवते. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. पात्राने जादू केली की डावीकडे काय मिळालं ते, उजवीकडे कुणाचं काय गेलं ते. घाम, आठवण, झोप, दुसऱ्याचं पीक, काहीही चालेल. उजवी बाजू सलग तीन वेळा कोरी राहिली तर ते प्रकरण मी काढून टाकते, कितीही सुंदर लिहिलेलं असो.

दुसरी चूक माझ्या जास्त जिव्हारी लागते, कारण ती मी स्वतः केली आहे. एका तत्त्वाचं राज्य म्हणजे तिथे तेच ते आणि मोठ्या आवाजात. अग्निलोकात सगळीकडे लाव्हा, जललोकात सगळीकडे लाटा, वायुलोकात बाराही महिने वादळ.

मी एक कादंबरी लिहीत होते. तिच्यात जललोकाची सेना डोंगराएवढी लाट होऊन गर्जत राजधानीवर कोसळत होती. चाळीस पानं झाली होती आणि मला ती आवडत होती. मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत पावसाळ्यात माणसं भेटली की एकच विचारतात, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं? ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं.

मी तेव्हा गावभागात मावशीकडे होते. पाणी नदीकडून रस्त्याने येईल म्हणून आम्ही पुढच्या दाराशी फळ्या लावून बसलो होतो. ते आलं मागच्या मोरीतून. जाळीखाली आधी बुडबुडे, मग काळं पाणी, तेही अगदी सावकाश. काकांनी जिन्याच्या भिंतीवर खडूने रेघ मारली. तासाभराने रेघ बुडाली, त्यांनी वर दुसरी मारली. रात्री वीज नव्हती, बॅटरीच्या उजेडात आम्ही पायऱ्या मोजत होतो. आवाज कसलाच नाही. मध्येच कुठल्यातरी गच्चीवरून कुत्रं ओरडायचं, तेवढंच. एकदा तर डोक्यावरचं आभाळ मोकळं होतं, ऊन पडलं होतं, आणि तरी पाणी चढत होतं, कारण पाऊस पडला होता वर साताऱ्याच्या डोंगरात, आणि धरणातून सोडलेलं पाणी वाट काढत आमच्यापर्यंत यायचं होतं. ओसरल्यावर घरात राहिला गाळ. पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झालेली. तो वास कपाटातून दिवाळीपर्यंत गेला नाही.

घरी आल्यावर ती चाळीस पानं मी फाडली. नव्या प्रकरणात लाट एकही नाही. राजधानीतली एक म्हातारी पहाटे उठते आणि मोरीच्या जाळीखाली बुडबुडे बघते. सेना आली आहे हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं.

तेव्हापासून कुणी तत्त्वांची राज्यं लिहायला घेतली की मी आधी विचारते, यातलं कुठलं तत्त्व तू जवळून बघितलंस? वारा म्हटलं की मुलं चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या सांगतात, ते ठीकच आहे. पण एका मुलीला मी हरिपूरला घेऊन गेले. तिथे हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत, तोंड अरुंद आणि पोट मोठं. २००५ च्या पुरात कित्येक निकामी झाली. पेवात उतरून हळद भरण्यात ज्यांचं आयुष्य गेलं असे एक आजोबा भेटले. बंद पेव उघडल्यावर लगेच का उतरत नाहीत, ते तिने विचारलं.

"आत हवाच नसती, बाळ. म्हणून तर किडा जगत न्हाई अन् हळद टिकती. तोंड उघडं ठिवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील इझला तर उतरायचं न्हाई. दम धरायचा."

मुलीने तिथेच उभ्या उभ्या वही काढली. तिच्या वायुलोकात तोपर्यंत नुसती चक्रीवादळं होती. आता तिथला सगळ्यात भयंकर जादूगार काहीच करत नाही, फक्त खोलीत येतो आणि समईची ज्योत बारीक होत जाते.

राज्याला सीमा असते, ऋतू असतात, गरिबी असते, हेही विसरलं जातं. नकाशावर जाड रेघ मारून इकडे जल, तिकडे अग्नी असं करू नका. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात ५०० च्या आसपास. एसटीने एका दिवसात दोन्हीकडे जाऊन या आणि बघा हिरवं कुठे विरतं, दगडी बांध कुठे सुरू होतात, बोलण्यात पाण्याचा विषय कुठून वाढतो. कासला जा, पण फुलांचे फोटो काढून परत येऊ नका. त्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर आहे. तिथली जांभळी निळी सीतेची आसवं बारीक जीव पकडून खातात, कारण मातीतून पोट भरत नाही. कंजूष धरती आणि शिकार करणारं फूल! पृथ्वीलोक लिहायला यापेक्षा काय हवं?

तत्त्वांना एकमेकांचे शत्रू करणं ही पुढची चूक. पाणी आग विझवतं, आग वारा खाते, अशी पत्त्यांच्या डावासारखी मांडणी मला दर दुसऱ्या वहीत दिसते. तैत्तिरीय उपनिषदात आकाशातून वायू, वायूतून अग्नी, अग्नीतून पाणी आणि पाण्यातून पृथ्वी असा क्रम आहे. म्हणजे पाणी हे अग्नीचं लेकरू. हे नातं एकदा मनात बसलं की युद्धाचं प्रकरण भाऊबंदकीचं होतं, आणि भाऊबंदकी आपल्याला लिहिता येते. चिनी परंपरेत तत्त्वं पाच, पण वेगळी: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. तिथे एक चक्र जन्म देण्याचं आहे आणि एक काबूत ठेवण्याचं. दोन्ही एकदम चालतात.

जुन्या विचारात गुणांचाही हिशेब आहे. आकाशाला फक्त शब्द. वायूला शब्द आणि स्पर्श. अग्नीला त्यात रूपाची भर, पाण्याला रसाची, पृथ्वीला गंधाची, म्हणजे तिच्याकडे पाचही. यातून नियम आपोआप मिळतात. वायूला रूप नाही, तेव्हा "निळसर चमकणारा वारा" लिहू नका, अंगावरून जाऊ द्या. आणि आकाश वगळू नका. ते फेकून मारता येत नाही म्हणून मुलं त्याला बाजूला ठेवतात, किंवा तिथे उडणारी माणसं घालतात. ज्या लोकात फक्त ऐकू येतं, असा लोक अजून कुणी मला लिहून दाखवलेला नाही. मी वाट बघते आहे.

दोन तत्त्वं भेटली की काय होतं, यासाठी कोयनेचं उदाहरण मी नेहमी देते. धरणात पाणी साठायला लागलं १९६२ च्या सुमारास. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, माणसं झोपेत होती, सुमारे १८० जण गेले. साठलेल्या पाण्याचा भार आणि खडकाच्या भेगांत मुरलेलं पाणी यांनी आधीच ताणात असलेली जमीन हलते, अशा भूकंपांचं जगभर अभ्यासलं जाणारं हे मोठं उदाहरण आहे. तुमच्या कथेत निद्रिस्त आदिम शक्ती जागी होते ना? मग ती का जागी झाली, कुणाच्या कुठल्या चांगल्या कामाने झाली, हे असं असू द्या. ग्रहण लागलं आणि शक्ती उठली, हे आता पुरे.

आता भराभर सांगते. "अग्नीअस्त्र" नव्हे, आग्नेयास्त्र, आणि "वायूअस्त्र" नव्हे, वायव्यास्त्र. संस्कृत नाव घ्यायचं तर संधी नीट करा, नाहीतर सरळ मराठी नाव ठेवा. "वायुभूतांची सेना" लिहिलंत तर वाचकाला पिंपळावरची भुतं दिसतील. जन्मखूण असलेला अनाथ नायक मला नको. सुरुवातीला सहा पानांचा शब्दकोश नको. पाताळ म्हणजे नुसता अंधार आणि राक्षस नव्हे. अतलापासून पाताळापर्यंत सात लोक सांगितले आहेत, आणि त्यातल्या सुतलात बळीराजा राहतो, ज्याचं राज्य यावं असं आपण पाडव्याला अजून म्हणतो.

नकाशातल्या नद्यांबद्दल मात्र थोडं थांबते. नदी उतार बघते, तुमच्या कथेची सोय बघत नाही. महाबळेश्वरला उगवणारी कृष्णा अरबी समुद्रापासून ७० किलोमीटरांच्या आत आहे, पण ती पूर्वेला वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. का, ते समजून घ्या आणि मग पेन्सिल उचला. कराडला प्रीतिसंगमावर उभं राहून कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन कशा भेटतात ते बघा. कादंबरीतली दोन राज्यं अशी भेटली तर तिथे घाट होईल, देऊळ होईल, बाजार भरेल, भांडण होईल. मुलांच्या नकाशात अशा जागी मला बहुतेक वेळा रिकामा कागद दिसतो.

घाईबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. "बारा मिनिटांत मॅजिक सिस्टीम" असे व्हिडिओ बघून मुलं तक्ता भरतात: तत्त्व, रंग, प्राणी, शस्त्र, कमजोरी. कुणी यंत्राकडून शंभर मंत्रांची यादी काढून आणतं. तक्ता भरून झाला की जग तयार झालं असं वाटतं आणि तिथेच लिहिणं सुकतं. मी असा तक्ता आणणाऱ्याला परत पाठवते, रागाने नाही. पहिल्या तीस पानांत जादू एकदाही न वापरता गाव लिहून आणायला सांगते. पाणी कोण भरतं, दिवा कधी लागतो, मेल्यावर काय करतात. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याला जादूही लवकरच कंटाळवाणी वाटणार आहे, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता वाद घालत नाही.

यंदा येणार असाल तर कादंबरीची पहिली पन्नास पानं पुरेत. मोठ्या अक्षरात, एका बाजूला लिहिलेली. खंडांची योजना आणू नका. खर्चाची वही आणा, मी आधी ती वाचते.