जुन्या हार्डडिस्कवरची विंडोज एसएसडीवर नेताना

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) घ्यायला जाण्याआधी लॅपटॉप उघडून जागा बघा. एम-टू खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) दिसली तरी ती साटा (जुनी, हळू जोडणी) आहे की एनव्हीएमई (नवी, वेगवान), हे मॉडेलच्या माहितीपत्रकात तपासा; चुकीची एसएसडी खाचेत बसली तरी लॅपटॉपला दिसत नाही. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटाच लागते, सोबत यूएसबी-साटा केबल घ्या.

५०० जीबीच्या डिस्कवर १४० जीबीच भरलेले असेल तर २५६ जीबी पुरते. मात्र क्लोनेझिला (डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करणारे मोफत सॉफ्टवेअर) मोठ्या डिस्कचा क्लोन लहान डिस्कवर सहजी उतरवत नाही. आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह आकसून घ्यावा लागतो. एसएसडी कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर असेल तर ते बरे.

क्लोनआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) बंद करा, त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडायचा आकडा) कागदावर उतरवा. डिस्क टकटक करत असेल तर क्लोनच्या नादी लागू नका, आधी फोटो आणि टॅलीचा डेटा बाहेर काढा. चार्जर लावूनच बसा, पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा!

क्लोन करताना नुसता सी नको, ईएफआयसकट (मशीन सुरू करणाऱ्या फायलींचा छोटा भाग) डिस्कचे सगळे भाग, म्हणजे पार्टिशन, घ्या, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही.

खरी गडबड नंतर होते. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढूनच ठेवा. दोन्हींची डिस्क ओळख सारखी राहिली असेल तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन करते. निळा पडदा आला तर बायोसमधली (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधली) एएचसीआय किंवा रेड (RAID) ही डिस्क-जोडणीची सेटिंग बदललीय का पाहा. एनव्हीएमईवर गेला असाल तर एकदा सेफ मोडमध्ये सुरू केल्यावर बहुधा सुटते. जुनी डिस्क आठवडाभर तरी पुसू नका.