पुढचे शॉकअप घरी उघडताय? या चुका टाळा

मोटरसायकलच्या ज्या पुढच्या शॉकअपवर जुळवणीचा एकही नॉब नाही, त्यातही तीन गोष्टी आपल्या हातात असतात: स्प्रिंग, तेलाचा घट्टपणा आणि तेलाची पातळी. स्प्रिंग वजन पेलते, तेल हालचालीचा वेग आवरतं आणि तेलावर कोंडलेली हवा शेवटच्या टप्प्यात आधार देते. घरचं काम फसतं ते बहुतेकदा यातल्या एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारल्यामुळे.

ब्रेकवर गाडी खाली बसते म्हणून घट्ट तेल घालणं

शॉकअपच्या आतल्या पोकळ दांड्याला, म्हणजे डॅम्पर रॉडला, ठरावीक मापाची भोकं असतात आणि तेल त्यांतूनच ये-जा करतं. अशा भोकाचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. ब्रेक लावल्यावर शॉकअप त्या मानाने सावकाश दबतो, खड्ड्याच्या कडेवर मात्र झटक्यात. त्यामुळे १० डब्ल्यूच्या जागी २० डब्ल्यू (डब्यावरचा घट्टपणाचा आकडा; मोठा आकडा म्हणजे घट्ट तेल) घातलं की ब्रेकवर गाडी जरा हळू बसते, पण बसते तेवढीच, कारण किती बसायचं ते स्प्रिंग ठरवते. खड्ड्यात मात्र मनगटांना दणके बसू लागतात. शिवाय तेच तेल परतीची हालचालही मंदावतं. लागोपाठ खड्डे आले की शॉकअप पूर्ण उघडायच्या आत पुन्हा दाबला जातो आणि दर खड्ड्याला आणखी खाली जातो. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप कडक झाला. खरं तर तो वर यायलाच उशीर करतोय.

डब्यावरच्या आकड्यावरही फार विसंबू नका. दोन कंपन्यांची १० डब्ल्यू तेलं सारखी असतीलच असं नाही. ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक्स (घट्टपणाचं एकक), हा माहितीपत्रकातला आकडा तुलनेला घ्या. आणि एका वेळी एकच पायरी बदला.

मॅन्युअलमधलं माप ओतून मोकळं होणं

मिलीलीटरचा आकडा सहसा पूर्ण सुट्या, कोरड्या शॉकअपसाठी असतो. नुसतं तेल ओतून काढलं तर आत थोडं उरतंच. त्यावर पूर्ण माप ओतलं की पातळी चढते, हवेची जागा कमी होते आणि शॉकअप शेवटच्या टप्प्यात दगडासारखा लागतो. ३३ मिमी आतल्या व्यासाच्या पाइपात १० मिमी पातळी म्हणजे जेमतेम साडेआठ मिली तेल, म्हणून डोळ्यांनी अंदाज चालत नाही.

मॅन्युअलने वेगळं सांगितलं नसेल तर पद्धत अशी: स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, शॉकअप सरळ उभा. पाइप आठ-दहा वेळा सावकाश वरखाली करून आतली हवा काढा, बुडबुडे बसेपर्यंत दहा मिनिटं थांबा, मग पाइपाच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर मोजा. थोडं जास्त तेल घालायचं आणि जादाचं काढून घ्यायचं, हे सगळ्यात सोपं. मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावा, हव्या त्या मापावर कापडी टेप गुंडाळून खूण करा, खूण पाइपाच्या कडेशी धरून ओढा. हवा येऊ लागली की पातळी बरोबर. दोन्ही बाजूंना हेच.

शॉकअप तळाला आपटत असेल तर पातळी ५ मिमीने वाढवून बघा. एकदम २०-३० मिमी वाढवलीत तर आतल्या दाबाने सील (तेल अडवणारी रबरी कडी) गळू शकतं.

स्पेसर घालून स्प्रिंग कडक झाली असं समजणं

७ न्यूटन प्रति मिमीच्या स्प्रिंगवर १० मिमीचा स्पेसर (स्प्रिंगला आधीच दाबून धरणारा नळीचा तुकडा) जादा घातला तर सुरुवातीचा जोर ७० न्यूटनने वाढतो. पुढे दर मिलीमीटरला ती ७ न्यूटनच देते. गाडी उंच बसते, एवढंच. आधी मोजा: चाक उचलून पाइपाची उघडी लांबी, मग नुसती गाडी उभी असताना, मग चालवणारा बसल्यावर. १३० मिमी चालीच्या, म्हणजे एकूण तेवढा दबणाऱ्या, शॉकअपमध्ये चालवणाऱ्यासह ३५ ते ४० मिमी बसणं रस्त्यासाठी ठीक. हा आकडा जुळतोय, पण नुसती गाडी जवळजवळ बसतच नाही, तर स्प्रिंग मऊ आहे आणि स्पेसरने ते झाकलंय. तिथे कडक स्प्रिंगच हवी. स्पेसर पीव्हीसी पाइपचा चालतो, पण टोकं काटकोनात कापा आणि स्प्रिंगच्या बाजूला वॉशर ठेवा, नाहीतर स्प्रिंग प्लॅस्टिक कुरतडते आणि चुरा तेलात उतरतो.

रॉडची भोकं मोठी करणं

५ मिमीचं भोक ६ मिमी केलं तर त्याच वेगाला विरोध निम्म्याहूनही खाली येतो. ड्रिलचं एक माप, आणि परतीचा रस्ता नाही. वरच्या बारीक भोकांना तर हातच लावू नका, ती परतीच्या हालचालीची आहेत. एम्युलेटर (रॉडवर बसवायचा वेगळा व्हॉल्व्ह) बसवताना खालची भोकं मुद्दाम मोठी करतात. तिथे दबण्याच्या हालचालीचं नियंत्रण तो व्हॉल्व्ह करतो, म्हणून ते चालतं.

उघडण्याचा क्रम चुकणं

शॉकअप गाडीवर असतानाच वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करा आणि पाइपाच्या वरची टोपी अर्धा फेरा ढिली करा. बाहेर काढल्यावर पाइप हातात गोल फिरत बसतो. तळाचा ॲलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच सैल करा, तिच्या जोरामुळे रॉड फिरत नाही. टोपीचे शेवटचे आटे सोडताना वरून दाब द्या आणि चेहरा बाजूला ठेवा. ब्रेकचा कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, दोरीने बांधा.

नवं सील महिन्याभरात गळणं

सीलला दोष देण्याआधी पाइपावर नख फिरवा. अडकलं तर तो गंजाचा खड्डा किंवा ओरखडा आहे, तो नवं सीलही कापणार. सील चढवताना पाइपाच्या कडेवर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी ओढा. बहुतेक नुकसान त्या धारेवरच होतं. अक्षरांची बाजू वर ठेवा. जुनं सील वर ठेवून योग्य मापाच्या पाइपाने, क्लिपची खाच चहूबाजूंनी दिसेपर्यंत ठोका. तळाच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर नवाच घाला.

ॲक्सल कसून लगेच पिंच बोल्ट आवळणं

पिंच बोल्ट म्हणजे शॉकअपच्या तळाशी ॲक्सलला आवळून धरणारा बोल्ट. असं केलं की शॉकअपचे दोन्ही पाय एकमेकांना ओढून धरतात आणि नवं तेल, नवे सील असूनही शॉकअप अडखळतो. ॲक्सलचा नट कसा, गाडी स्टँडवरून खाली घ्या, पुढचा ब्रेक धरून शॉकअप पाच-सहा वेळा दाबा आणि मगच पिंच बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कवर आवळा. निघण्याआधी ब्रेक लिव्हर कडक होईपर्यंत दाबा, कारण पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिला दाब रिकामा जातो.